लेकरांच्या कानावर काय पडावे : वऱ्हाडातील गाण्यांच्या पहाऱ्याचा इतिहास

घरात मुले असताना कोणते गाणे वाजावे आणि कोणते वाजू नये, हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यात आवाजी आज्ञेवर चालणारे स्मार्ट स्पीकर आल्यानंतर उद्भवला असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. शृंगारिक, चावट आणि उघड अशिष्ट अशी गाणी वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या होती, ती आवडीने ऐकली जात होती, आणि त्यांच्यापासून मुलांना दूर ठेवण्याची व्यवस्थाही होती. मात्र ती व्यवस्था शब्द गाळण्यावर उभी नव्हती. गाणे कोणत्या वेळी म्हटले जाते, कोणत्या जागी म्हटले जाते आणि समोर कोण बसले आहे, या तीन गोष्टींवर तिची भिस्त होती. आणि विसाव्या शतकातील प्रत्येक नव्या यंत्राने या तिन्हींपैकी एकेक गोष्ट काढून घेतली.

जुन्या वऱ्हाडी घराची रचना पाहिली तर हे स्पष्ट होते. पहाटे जात्यावरची ओवी माजघरात म्हटली जाई. तिथे पुरुष नसत, पण मांडीवर किंवा शेजारी झोपलेले मूल असे, आणि त्या ओवीतील सासुरवासाचे, नवऱ्याच्या वागण्याचे दुःख त्याच्या कानावरून जाई. मुलींचा स्वतःचा असा गाण्यांचा साठा भुलाबाईच्या निमित्ताने जपला गेला. भुलाबाई म्हणजे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत वऱ्हाड आणि खानदेशात चालणारा मुलींचा उत्सव. शंकर-पार्वतीच्या मातीच्या मूर्ती मांडून मुली संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी झाकून ठेवलेली खिरापत ओळखतात. या गाण्यांत सासू-नणंदेचा जाच भरपूर आहे, पण अशिष्टता नाही, कारण ती गाणी मुलींनी मुलींसाठी म्हणायची आहेत हे सर्वांना ठाऊक होते. मुलांना केवळ अमुक ऐकू नका असे सांगून हा समाज थांबला नाही, त्यांना म्हणण्यासाठी त्यांची स्वतःची गाणी त्याने दिली, ही या परंपरेतील सर्वांत मोलाची बाब आहे.

अशिष्ट बोलण्यालाही जागा होती. शिमग्यात बोंब मारणे, अर्वाच्य बोलणे, सोंगे काढणे यांना होळी-धुळवडीच्या दिवसांपुरती मुभा असे, आणि तो काळ सरला की तेच शब्द तोंडातून काढणाऱ्याला वडीलधाऱ्यांचा मार खावा लागे. येथे पहारा शब्दावर नव्हता, दिनदर्शिकेवर होता. मुले त्या बोंबा ऐकत हे खरे; परंतु ऐकतानाच त्यांना हेही कळे की हे बोलणे रोजच्या जगण्यातले नव्हे.

जत्रेतील तमाशाची रचना याहून अधिक बारकाईने पाहण्याजोगी आहे. आरंभी गण, म्हणजे गणेशाचे स्तवन. मग गवळण, म्हणजे मथुरेच्या बाजारी निघालेल्या गौळणी, त्यांची मावशी आणि वाट अडवणारा कृष्ण व त्याचा सोबती पेंद्या यांचा प्रसंग. त्यानंतर बतावणी, लावण्या आणि रात्र चढल्यावर वग, म्हणजे कथानक असलेले नाट्य. गाणी जसजशी धीट होत जात तसतशी रात्र वाढत जाई आणि लहान मुले पेंगू लागत. गवळणीतही मावशीच्या तोंडी द्व्यर्थी, म्हणजे वरून साधा आणि आतून चावट असा दुहेरी अर्थ असलेला विनोद असे, तेव्हा पूर्वरंग सोवळा आणि उत्तररंग ओवळा अशी सरळ वाटणी करता येणार नाही. पण मुलाला मावशीचे सोंग पाहून हसू येई आणि मोठ्यांना तिच्या बोलण्यातील दुसरा अर्थ कळून हसू येई, आणि एकाच कनातीत बसलेल्या दोन वयांच्या श्रोत्यांना हे एकाच वेळी साधून देणे ही त्या कलावंतांची मोठी कारागिरी होती. तिला केवळ अश्लीलतेचे लेबल लावून मोकळे होणे अन्यायाचे आहे.

सरकारने या व्यवहारात हात घातला तो सार्वजनिक जागेपुरता. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ ने सार्वजनिक जागी किंवा तिच्या जवळ इतरांना त्रास होईल असे अश्लील गाणे म्हणणे हा गुन्हा ठरवला आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली; आजच्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम २९६ मध्ये आहे. घराच्या उंबरठ्याच्या आत हा कायदा सहसा येत नाही, ही गोष्ट पुढील सर्व इतिहासासाठी लक्षात ठेवावी लागते. स्वातंत्र्यानंतर लवकरच बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई प्रांतात तमाशावर बंदी घातली, ती पुढे उठली आणि तिच्या जागी संहिता तपासून परवानगी देण्याची पद्धत आली. बुलढाणा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. म्हणून मुंबईतील त्या बंदीचा इतिहास साऱ्या मराठी मुलखाचा इतिहास म्हणून सांगितला जातो तेव्हा वऱ्हाडाचा वेगळा प्रशासकीय प्रवास दृष्टीआड होतो.

वऱ्हाडात अधिक खोल काम झाले ते बंदीने नव्हे, भजनाने. गाडगे महाराजांची कीर्तने आणि तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) खंजिरीवरील भजने यांनी गावाची संध्याकाळ आपल्याकडे घेतली. १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन झाल्यावर सामुदायिक प्रार्थनेची प्रथा विदर्भातील गावागावांत पसरली. दिवेलागणीच्या वेळी मुले प्रार्थनेला बसत आणि मोठ्यांची करमणूक रात्री होई, अशी वेळेची वाटणी कोणत्याही हुकुमाशिवाय दृढ झाली.

रेडिओने ही वाटणी प्रथम हलवली. १६ जुलै १९४८ ला नागपूर केंद्र सुरू झाले आणि वऱ्हाडातील घरांना जवळचे मराठी केंद्र मिळाले. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बा. वि. केसकर यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले. परिणाम असा झाला की श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, बिनाका गीतमाला लोकप्रिय झाली, आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करून सरकारला माघार घ्यावी लागली. केसकरांचा आक्षेप मुख्यतः अभिरुचीचा होता, मुलांच्या संरक्षणाचा नव्हता. तरीही गाणे प्रसारणापूर्वी कोणीतरी तपासलेले आहे, असा विश्वास आकाशवाणीने घरांना दिला आणि रेडिओ ओसरीवर मोठ्याने लावण्यात कोणाला संकोच वाटेनासा झाला. आई-वडिलांनी आपला पहारा एका दूरच्या कचेरीकडे सोपवला तो याच काळात.

ध्वनिक्षेपक आणि कॅसेट यांनी तो विश्वास मोडला. चित्रपटाला प्रमाणपत्र मिळते ते चित्रपटगृहात दाखवण्यासाठी. त्यातले गाणे वेगळे काढून कॅसेटवर आले की त्याच्यासोबत ते प्रमाणपत्र येत नाही, आणि चित्रपटाबाहेरच्या ध्वनिफितीला तर अशा प्रमाणपत्राची अटच नव्हती. ‘सोंगाड्या’ (१९७१) पासून दादा कोंडके यांच्या चित्रपटांतील द्व्यर्थी गाणी लग्नाच्या मांडवांतून वाजू लागली, तेव्हा रात्री उशिरा कनातीत ऐकायची गंमत भर दुपारी, पंगतीला बसलेल्या मुलांच्या डोक्यावर येऊन पोचली. त्या गाण्यांतील एकेक शब्द सुटा काढला तर निर्दोष असतो. चावटपणा आवाजात, थांबण्यात आणि ऐकणाऱ्याच्या अनुभवात असतो, म्हणूनच शब्दांवर बोट ठेवणाऱ्या परीक्षकांची अडचण होई. १९९३ मध्ये ‘खलनायक’ चित्रपटातील चोळीच्या गाण्यावरून देशभर वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले, पण कॅसेटची विक्री थांबली नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई केली. ती मर्यादा वेळेची होती, आशयाची नव्हती. किंबहुना मोठ्यांची गाणी रात्रीतून उचलून दिवसात आणण्याला तिने नकळत हातभार लावला.

आजच्या स्मार्ट स्पीकरमधील, नको ती गाणी अडवणारी गाळणी मात्र वेगळ्या देशात घडली. अमेरिकेत १९८५ मध्ये टिपर गोर आणि इतर पालकांनी गीतांतील लैंगिक व हिंसक आशयाविरुद्ध मोहीम उघडली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली, आणि पालकांना सावध करणारे लेबल ध्वनिमुद्रिकांवर छापण्याची प्रथा पडली. १९९० मध्ये त्याचे एकसारखे रूप ठरले. गाण्यांचे रूपांतर संगणकीय फाइलमध्ये झाल्यावर तेच लेबल गाण्याच्या नोंदीतील एक खूण बनले. ॲमेझॉनचा एको भारतात २०१७ मध्ये आणि गूगल होम २०१८ मध्ये आले, तेव्हा त्यांच्यासोबत ही खूणही आली. गाळणी चालू केली की स्पीकर बहुतांशी एवढेच करतो की ‘एक्सप्लिसिट’, म्हणजे उघड अशिष्ट, अशी खूण असलेले गाणे लावत नाही. ही खूण यंत्र गाणे ऐकून ठरवत नाही. गाणे प्रकाशित करणारी कंपनी किंवा वितरक ती भरून देतो.

या व्यवस्थेचा बुलढाण्यातील घराशी मेळ का बसत नाही, याचे उत्तर वरील इतिहासात आहे. इंग्रजी रॅप गीतातील शिवी खुणेमुळे अडते, परंतु द्व्यर्थी लावणी, लग्नाच्या मिरवणुकीतील डीजेचे गाणे किंवा वऱ्हाडी बोलीतील चावट गीत यांत खूण करण्याजोगा एकही शब्द नसू शकतो, आणि असला तरी ती खूण भरण्याची शिस्त मराठी गाण्यांच्या प्रकाशनात रुजलेली दिसत नाही. उलट बाजूने पाहिले तर गाळणी साधारणतः साऱ्या खात्याला लागू होते. संध्याकाळी मुले जवळ असताना एक आणि ती झोपल्यावर दुसरे, हा भेद जत्रेतील तमाशाच्या फडाला सहज कळत होता, तो या यंत्राला आपोआप कळत नाही. शृंगारिक लावणी ही मराठी भाषेची श्रीमंती आहे. ती घरातून कायमची घालवणे हा उपाय नव्हे, आणि ती सात वर्षांच्या मुलासमोर वाजत राहू देणे हाही नव्हे.

तेव्हा दोन कामे करण्याजोगी आहेत आणि दोन्ही मराठी माणसांनाच करावी लागतील. मराठी ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांनी लोकसंगीताच्या जाणकारांना सोबत घेऊन द्व्यर्थी गीतांसाठी स्वतंत्र खूण ठरवावी आणि ती प्रामाणिकपणे भरावी. आणि घरातील मोठ्यांनी भुलाबाईची गाणी, भजने, बालगीते यांची स्वतंत्र यादी करून संध्याकाळच्या वेळी स्पीकर त्या यादीवरच ठेवावा. पहिल्या कामाला वर्षे लागतील, दुसरे आज संध्याकाळी करता येईल.