ऑफाचा बांध : माती कोणाची, नाव कोणाचे?

बांधावरून होणारा तंटा शेतकऱ्याला नवा नाही. दोन शेतांमधील बांध मूळ कोणी घातला, हे दोन पिढ्यांनंतर खात्रीने सांगता येत नाही. मग दोन राज्यांमध्ये हजार-बाराशे वर्षांपूर्वी घातलेल्या बांधाची काय कथा! विलायतेत इंग्लंड व वेल्स यांच्या सीमाभागात असाच एक मातीचा प्रचंड बांध आहे. त्यास ‘ऑफाचा बांध’ म्हणतात.

ऑफा हा मर्शिया राज्याचा राजा. त्याने इ. स. ७५७ ते ७९६ पर्यंत राज्य केले. बांधास दगड-चुना नाही. पश्चिमेस, म्हणजे वेल्सच्या अंगास, चर खणावयाचा आणि निघालेली माती पूर्वेस रचावयाची, अशी बहुतेक ठिकाणची रीत दिसते. बांध व चर मिळून रुंदी काही जागी २० मीटरपर्यंत भरते. चर पश्चिमेस आहे, यावरून काम पूर्वेकडील लोकांचे, असे बहुतेक विद्वान मानतात.

परंतु काम कोणत्या राजाचे? जुना लेखी आधार मुख्यतः एकच. असर नावाच्या वेल्श धर्मगुरूने इ. स. ८९३ साली आल्फ्रेड राजाचे चरित्र लिहिले. ऑफाने समुद्रापासून समुद्रापर्यंत बांध घालविला, असे त्यात नमूद आहे. मात्र ही नोंद ऑफाच्या मृत्यूनंतर सुमारे १०० वर्षांनी झालेली आहे.

पुढे सर सिरिल फॉक्स यांनी बांधाची पायी फिरून पाहणी केली व १९५५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी श्रेय ऑफासच दिले. डेव्हिड हिल व मार्गारेट वर्दिंग्टन यांनी अनेक वर्षे उत्खनन करून वेगळे मत मांडले : ऑफाचा म्हणता येईल असा बांध मधला सुमारे १०३ किलोमीटरच; तो समुद्रापासून समुद्रापर्यंत नाही. २०१४ साली चर्क येथील बांधाखालच्या मातीची शास्त्रीय तपासणी जाहीर झाली. काही थर ५ व्या ते ७ व्या शतकांतील, म्हणजे ऑफाच्या आधीचे निघाले. तेव्हा आधीच्या राजांनी आरंभ केला व ऑफाने काम तडीस नेले, असेही काहीजण म्हणू लागले. उलट पक्षाचे म्हणणे असे की, खालची माती जुनी म्हणून वरचा बांध तेवढाच जुना ठरत नाही. वाद अद्यापि मिटलेला नाही.

आपल्याकडेही असेच घडते. अंबरनाथचे शिवमंदिर लोक ‘हेमाडपंती’ म्हणतात. परंतु तेथील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. हेमाद्री पंडित झाला तो १३ व्या शतकात. मोठ्या नावाखाली खऱ्या बांधणाऱ्याचे नाव झाकून जाते, ते असे.

वाचकहो, असा वाद मिटविणारा साक्षीदार म्हणजे जागची माती. तिला बोलावयास लावण्याची विद्या आता आली आहे. पण माती जागेवर राहिली पाहिजे. २०१३ साली चर्कजवळ या बांधाचा एक तुकडा यंत्राने सपाट करण्यात आला. त्या तुकड्याची साक्ष कायमची गेली. म्हणून कोठेही जुना दगड वा जुनी माती हलविण्यापूर्वी तिचे माप घ्यावे, छायाचित्र काढावे व नोंद दप्तरी ठेवावी. बांधणाऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक नसली, तरी त्यांची खूण राखणे आपल्या हाती आहे.