हिंग आणि हिंगाचा पर्याय : श्रावकाच्या पाकगृहाचा इतिहास

धर्मसंस्थांचा इतिहास लिहिताना मंदिरे, प्रतिष्ठा महोत्सव, मुनिसंघांचे चातुर्मास आणि दानशूर श्रावकांची नामावली यांना मानाचे स्थान मिळते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या ठिकाणी धर्म दररोज आचरणात येतो, त्या पाकगृहाचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. व्रतामुळे एखादा पदार्थ वर्ज्य ठरला, अथवा एखादा मसाला मिळेनासा झाला, तर त्याच्या जागी काय वापरावे, हा प्रश्न जैन गृहिणींनी पिढ्यान्पिढ्या सोडवला आहे. त्यांच्या या विवेकाचे उत्तम उदाहरण म्हणजे हिंग होय.

अभावी पदार्थाच्या जागी दुसरा योजण्याचे शास्त्र आपल्याकडे प्राचीन आहे. आयुर्वेदात त्यास 'प्रतिनिधी द्रव्य' म्हणतात. सोळाव्या शतकातील भावमिश्रांच्या 'भावप्रकाश' ग्रंथात अशा द्रव्यांची यादीच दिलेली आहे. केशर न मिळाल्यास कुसुंभाची, म्हणजे करडईची, ताजी फुले घ्यावीत, असे त्यात सांगितले आहे. करडईचे फूल केशराचा रंग देते, सुगंध देत नाही. प्रतिनिधी द्रव्य मूळ द्रव्याची सर्व कामे करीत नाही. त्यातील एखादेच करते. म्हणून मूळ पदार्थ कोणत्या कामासाठी हवा होता, हे आधी ओळखावे लागते.

जैन आचारात कंदमुळे अनंतकाय मानली गेली. लसूण, ओले आले आणि ओली हळद यांची गणना अनंतकायांत होते. तरीही वाळलेली सुंठ व हळद बहुतेक जैन घरांत चालते. कंद आपोआप वाळला की तो अचित्त होतो, आणि सुंठ-हळद पोटभर खाण्याची वस्तू नसून औषधासारखी चिमूटभरच लागते, असे त्याचे कारण सांगितले जाते. बटाटा वाळवून खाण्यास हा न्याय लावला जात नाही. व्रताचा हेतू जपून काढलेला हा पर्याय आहे.

कांदा-लसणाच्या जागी मात्र हिंग आले. कांदा, लसूण व हिंग या तिन्हींच्या उग्र वासाचे मूळ गंधकयुक्त घटकांत आहे. कच्च्या हिंगाचा वास नकोसा वाटतो. पण तापलेल्या तुपात चिमूटभर पडताच तो सौम्य होऊन कांदा-लसणाची आठवण करून देतो. शिवाय डाळी-कडधान्यांनी होणारा वायू हिंगाने कमी होतो, असा परंपरेचा अनुभव आहे. ज्यांच्या आहारात कडधान्ये अधिक, त्यांना हा गुण विशेष मोलाचा वाटला.

वस्तुतः हिंग या देशाचे नव्हे. इराण व अफगाणिस्तानच्या कोरड्या डोंगराळ प्रदेशात ही वनस्पती वाढते. जिरे, धने, ओवा व बडीशेप यांच्याच कुळातील ती आहे. तिच्या मुळाला छेद देऊन पाझरणारा चीक वाळवला म्हणजे हिंग होते. चिनी यात्रेकरू ह्यूएनत्संग याने इ. स. ६२९ ते ६४५ या काळात प्रवास केला. त्याने गझनीच्या परिसरात हिंग होत असल्याची नोंद केली आहे, तसेच भारतात कांदा-लसूण खाणारे थोडे, असेही लिहिले आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथातील पाककृतींत हिंगाचे पाणी वारंवार येते. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. औषधात आणि स्वयंपाकात हिंगाचा वापर भारतात सर्वत्र होतो, असे त्यात नमूद आहे.

हिंगाने पर्यायाचे काम केवळ भारतातच केले असे नाही. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील सायरीन येथे मिळणारी सिल्फियम नावाची वनस्पती ग्रीक व रोमन लोकांना अतिशय प्रिय होती. इ. स. च्या पहिल्या शतकात ती जवळजवळ नाहीशी झाली. प्लिनी या रोमन लेखकाच्या नोंदीप्रमाणे त्याच्या काळात तिचा एकच देठ सापडला व तो नीरो बादशहाकडे पाठविण्यात आला. तिच्या जागी रोमन लोकांनी इराणकडील हिंग स्वीकारले, पण ते कमी प्रतीचे मानले. अतिलोभाने उपटलेली वस्तू परत मिळत नाही, हा धडा अपरिग्रहाच्या उपासकांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे.

पुढे खुद्द हिंगाविषयीच शंका उभी राहिली. दूरदेशीचा हा माल पूर्वी चामड्यात बांधून येत असे. तेराव्या शतकात माळव्यात होऊन गेलेल्या पंडित आशाधरांनी 'सागारधर्मामृता'त चामड्यातील पाणी, तेल-तूप आणि चामड्याचा स्पर्श झालेले हिंग यांचे सेवन हा मांसत्यागव्रताचा दोष गणला आहे. वनस्पती निषिद्ध नव्हती, वेष्टन निषिद्ध होते! त्यामुळे अनेक व्रती श्रावकांनी बाजारचे हिंगच सोडले. त्यागींच्या आहाराच्या चौक्यात ते आजही अनेक ठिकाणी वापरत नाहीत.

अशा प्रकारे जे लसणाचा पर्याय होते, त्याचाच पर्याय शोधणे प्राप्त झाले. गृहिणींनी हिंगाची कामे वाटून दिली. पचनासाठी वालाला ओवा आणि हरभऱ्याच्या पदार्थांना सुंठ दिली. सुवासासाठी तुरीच्या वरणाला तुपात तडतडलेले जिरे दिले. तिखटपणासाठी मिरे योजले. मिरची तर पोर्तुगीजांच्या आगमनानंतरच भारतात आली. फोडणीत मेथीचे चार दाणे टाकून किंचित कडवट खमंगपणा आणला. कढीपत्त्याने सुवास वाढतो. परंतु पर्वतिथीला हिरवी पाने वर्ज्य असलेल्या घरांत जिऱ्यावरच भागविले जाते. यातील एकही वस्तू हुबेहूब हिंगासारखी लागत नाही. पण प्रत्येक वस्तू आपापले काम चोख करते.

आज चामड्याची शंका पुष्कळशी मागे पडली असली तरी नवीन प्रश्न समोर आहेत. बाजारातील डबीत बहुधा शुद्ध हिंग नसून डिंक व पीठ मिसळलेले बांधणी हिंग असते. त्यात अल्कोहोलमध्ये विरघळणारा अर्क किमान ५ टक्के असावा, एवढीच सरकारी मानकाची अट आहे. पीठ गव्हाचे असल्यास, एखाद्या दिवशी धान्याचा त्याग केलेल्या व्रतीस ती डबी चालणार नाही. तेव्हा वेष्टनावरील घटकांची यादी वाचणे ही आजच्या काळातील अन्नशोधनाची रीतच समजावी. देशात हिंग पिकावे म्हणून पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने १५ ऑक्टोबर २०२० रोजी हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात क्वारिंग गावी पहिले रोप लावले. या रोपापासून हिंग मिळण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. म्हणजे या कामातही संयम हवाच.

मात्र एका गोष्टीचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा. रसपरित्याग हे आपल्या बाह्य तपांपैकी एक आहे. लसूण सोडल्यावर हुबेहूब लसणाचीच चव आणण्यासाठी सारी खटपट करणे म्हणजे वस्तू सोडून आसक्ती जपणे होय. पचन सुखाचे व्हावे, घरातील वृद्ध व बालकांना अन्न रुचावे, यासाठी योजलेला पर्याय व्रताला साहाय्य करतो. जिभेचे लाड पुरविण्यासाठी योजलेला पर्याय व्रत पोकळ करतो. दोहोंतील अंतर चिमटीएवढेच आहे आणि ते आपल्या मातामहींना अचूक कळत होते.

हे ज्ञान ग्रंथांत फारच थोडे आले. जैन कवी मंगरस तिसरा याने सोळाव्या शतकाच्या आरंभी कन्नडमध्ये 'सूपशास्त्र' लिहिले, तसे उदाहरण विरळाच. घरोघरची रीत हातातून हातात गेली आणि तयार मसाल्यांच्या पुड्यांमुळे ती आता विस्मृतीत जाऊ लागली आहे. कोणत्या डाळीला ओवा, कशाला सुंठ, कोणत्या तिथीला काय वर्ज्य, याची नोंद घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून प्रत्येक कुटुंबाने वेळीच करून ठेवावी. सुवर्णमहोत्सवी वर्षात पुढील पिढीच्या हाती देण्याजोगा हा एक अमोल ठेवा ठरेल.