धुळीतली चांदी वेचणारे

'मुलामा' हा शब्द आपण मराठीत सहज वापरतो. तो मूळचा अरबी. पण मुलाम्याची चांदी खालच्या धातूपासून पुन्हा सोडवणारे हातही आपल्याच गावांत होते, हे फारसं कुणी सांगत नाही. मराठीत त्यांना झारेकरी म्हणतात, उत्तरेत न्यारिया. न्यारा म्हणजे वेगळा. वेगळं करणारा तो न्यारिया.

अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या टांकसाळीचं वर्णन करताना या न्यारियाची नोंद केली आहे. तो भट्टीची राख पाण्यात धुतो, जड धातू तळाशी बसतो. त्या गाळात शेरामागे ६ मासे पारा घोळायचा. पारा सोनं धरून ठेवतो. मग आचेवर पारा उडवून सोनं मोकळं करायचं.

दख्खनच्या शहरांत सराफांच्या दुकानांचा केर हाच या लोकांचा कच्चा माल. त्याच्या जोडीला जुन्या लुगड्यांचे जरीकाठ. अस्सल जरीची तार चांदीची, वर सोन्याचा मुलामा. हलक्या जरीत तांब्याच्या तारेवर चांदी. कापड जाळलं की तार उरते. तांबं आणि चांदी दोन्ही शोऱ्याच्या तेजाबात विरघळतात. त्यात मिठाचं पाणी घातलं की चांदी पांढरा साका होऊन खाली बसते आणि तांबं निळसर पाण्यात राहतं. तो साका सोड्याबरोबर वितळवला की पुन्हा चांदी. तीच मग कारागिराकडे जाते. तिचे पैंजण, जोडवी, ताईत घडतात. हिंदू नवरीची जोडवी आणि मुसलमान लेकराचा ताईत एकाच आटणीतून निघत असतील. चांदीला मागची ओळख राहत नाही.

इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांनी मुसलमान जातींमध्ये झाऱ्यांची नोंद घेतली. आपण मात्र आपला इतिहास किल्ले, सुलतान आणि दर्गे यांच्यावरच थांबवतो. पाऱ्याची वाफ आणि तेजाबाचा धूर छातीत घेऊन ज्यांनी या मुलखाचे दागिने पुन्हा पुन्हा जन्माला घातले, त्यांचं नाव एकाही दागिन्यावर नाही. मला हे खटकतं. आपली माणसं इथल्या रोजच्या व्यवहारात किती खोल मुरलेली होती, याचा याहून साधा पुरावा कोणता?

तुमच्या गावच्या सराफ कट्ट्यामागे असं एखादं घर असेल, तर तिथल्या म्हाताऱ्यांशी बोला. जे सांगतील ते लिहून ठेवा.