गिधाड : निसर्गाचा सफाई कामगार

मराठी भाषेत 'गिधाड' हा शब्द प्रामुख्याने दूषण म्हणून वापरला जातो. लोभी, परक्याच्या मरणावर टपलेल्या माणसाला गिधाड म्हणण्याची पद्धत आहे. दुसरीकडे रामायणातील जटायू हाही गिधाडच. सीतेच्या रक्षणासाठी प्राण वेचणाऱ्या या पक्ष्याची स्मृती नाशिक जिल्ह्यातील सर्वतीर्थ टाकेद येथे आजही श्रद्धेने जपली जाते. निसर्गात या पक्ष्याचे काम मेलेल्या जनावरांची विल्हेवाट लावण्याचे आहे. ते काम किती मोलाचे होते, हे गिधाडे आकाशातून नाहीशी होऊ लागल्यावरच ध्यानात आले.

भारतात गिधाडांच्या ९ जाती आढळतात. त्यांपैकी पांढऱ्या पाठीचे गिधाड, लांब चोचीचे गिधाड आणि बारीक चोचीचे गिधाड या तीन जाती एके काळी सर्वाधिक संख्येने होत्या. १९८० च्या दशकात देशातील गिधाडांची संख्या सुमारे ४ कोटी असावी, असा अंदाज व्यक्त केला जातो. याखेरीज राजगिधाड, पांढरे गिधाड, हिमालयातील दाढीवाले गिधाड आदी जाती आहेत. पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच झाडांवर घरटे बांधते, तर लांब चोचीचे गिधाड कड्यांच्या कपारीत राहते. मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रजननक्षम होण्यास सुमारे ५ वर्षे लागतात. त्यामुळे एकदा घटलेली संख्या भरून येण्यास कित्येक दशके जावी लागतात.

ऱ्हासाची सुरुवात

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडे झपाट्याने कमी होत असल्याची नोंद १९९० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे (बीएनएचएस) शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांनी केली. पुढे देशभर झालेल्या पाहण्यांतून हीच स्थिती दिसून आली. १९९२ ते २००७ या कालावधीत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी, तर अन्य दोन जातींची सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. सन २००० मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातींचा समावेश 'अतिसंकटग्रस्त' गटात केला.

आरंभी एखाद्या अज्ञात विषाणूचा संशय होता. खरे कारण पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून पुढे आले. डॉ. लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध २००४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि 'डायक्लोफिनॅक' हे औषध दोषी ठरले. माणसांच्या सांधेदुखीवर वापरले जाणारे हे वेदनाशामक स्वस्त झाल्यानंतर गुरांनाही सर्रास टोचले जाऊ लागले होते. उपचारानंतर थोड्याच दिवसांत जनावर दगावले, तर औषधाचा अंश त्याच्या मांसात शिल्लक राहतो. ते मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, रक्तातील यूरिक आम्ल वाढून त्याचे पांढरे थर अंतर्गत अवयवांवर साचतात आणि काही दिवसांतच पक्षी मरतो.

गिधाडे थव्याने जेवतात. एका दूषित जनावरामुळे अनेक पक्षी एकाच वेळी बळी पडतात. म्हणूनच शंभरात एकाहूनही कमी मृत जनावरांत हे औषध असले, तरी एवढा विनाश घडण्यास ते पुरेसे ठरते, असे अभ्यासकांच्या गणिताने दाखवून दिले.

माणसाने मोजलेली किंमत

गिधाडांचा मोठा थवा एखादी गाय अथवा बैल तासाभरात फस्त करून केवळ हाडांचा सापळा मागे ठेवतो. त्यांच्या जठरातील तीव्र आम्लात सडक्या मांसातील बहुतेक रोगजंतू नष्ट होतात. गिधाडे गेल्यावर गावाबाहेर टाकलेली जनावरे कुजत राहिली, पाणवठे दूषित झाले आणि त्या मांसावर भटक्या कुत्र्यांची संख्या वाढली. कुत्र्यांबरोबर रेबीजचा धोकाही वाढला.

या हानीचा हिशेब इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी मांडला. पूर्वी गिधाडांना अनुकूल असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांतील मृत्युदरांची तुलना त्यांनी केली. २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावामुळे सुमारे ५ लाख अतिरिक्त मृत्यू झाले असावेत, असा त्यांच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

मुंबईतील पारशी समाजालाही या ऱ्हासाची झळ बसली. मलबार हिलवरील दोखम्यात मृतदेह पक्ष्यांच्या स्वाधीन करण्याची परंपरा गिधाडांवरच अवलंबून होती. गिधाडे नाहीशी झाल्याने तेथे सूर्याची उष्णता एकवटणारी उपकरणे बसवावी लागली.

बंदी आणि पळवाटा

२००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. 'मेलॉक्सिकॅम' हे तितकेच गुणकारी औषध गिधाडांना अपायकारक नसल्याचे सिद्ध झाल्याने पर्यायही उपलब्ध होता. मात्र माणसांसाठी विकल्या जाणाऱ्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात राहिल्या. त्यामुळे २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करण्यात आली. पुढे इतर औषधांचाही धोका उघड झाला. 'अ‍ॅसिक्लोफिनॅक' आणि 'किटोप्रोफेन' यांवर २०२३ मध्ये, तर 'निमेसुलाइड'वर २०२४ च्या अखेरीस जनावरांच्या वापरापुरती बंदी आली. म्हणजे पहिल्या बंदीनंतरही घातक औषधे १७-१८ वर्षे बाजारात राहिली.

संवर्धनाचे प्रयत्न

हरियाणातील पिंजोर येथे वनविभाग आणि बीएनएचएस यांनी २००१ मध्ये गिधाड उपचार केंद्र सुरू केले. पुढे तेथेच 'जटायू' प्रजनन केंद्र उभे राहिले. पश्चिम बंगाल, आसाम आणि मध्य प्रदेशातही अशी केंद्रे आहेत. पिंजोर येथील गिधाडे २०२४ मध्ये महाराष्ट्रात आणून ताडोबा आणि पेंच व्याघ्र प्रकल्पांत सोडण्यात आली. त्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे होती. ताडोब्यातील एक गिधाड तर थेट तामिळनाडूपर्यंत जाऊन पोहोचले.

राज्यात रायगड जिल्ह्यातील म्हसळा परिसर व फणसाड अभयारण्य, नाशिकजवळील अंजनेरीचे कडे आणि गडचिरोलीचे जंगल ही गिधाडांची परिचित आश्रयस्थाने होत. काही ठिकाणी वनविभाग व स्थानिक संस्थांनी 'गिधाड उपाहारगृहे' उभारली. औषधाचा अंश नसलेली मृत जनावरे तेथे ठेवली जातात. गावोगावचे गुरे पाळणारे लोक अशा जनावराची खबर देतात, तेव्हाच ही योजना चालते.

२०१५ च्या पाहणीनुसार देशात पांढऱ्या पाठीची सुमारे ६ हजार, लांब चोचीची १२ हजार आणि बारीक चोचीची अवघी १ हजार गिधाडे उरली होती. घसरणीचा वेग मंदावला असला, तरी ताडोब्यातून उडालेले गिधाड शेकडो गावांवरून जाते. वाटेत भूक लागल्यावर ते ज्या जनावरावर उतरेल, त्याला अखेरच्या दिवसांत कोणते इंजेक्शन दिले गेले होते, यावर त्याचे जगणे अवलंबून राहते. अभयारण्याची सीमा तेथे उपयोगी पडत नाही. तेथे गावातील औषधविक्रेता, पशुवैद्यक आणि गोठ्याचा मालक यांचाच निर्णय महत्त्वाचा ठरतो.