प्रकाशाने मोजलेली भूमी

जमिनीची मोजणी हा विषय वरकरणी रूक्ष वाटतो. पण ज्याच्या शेताचा बांध मोजणीने सरकला आहे, त्याला तो तसा वाटत नाही. मोजणी म्हणजे हक्क, मोजणी म्हणजे सारा, आणि पाण्याकाठच्या वस्तीला मोजणी म्हणजे कधी कधी जीवनमरणही. पूर्वी मोजणीदार शेतात साखळी टाकी, तेव्हा ती सर्वांच्या डोळ्यांदेखत पडे. तिच्या कड्या शेतकऱ्याला मोजता येत. शंका आली, तर पुन्हा साखळी टाका, असे त्याला म्हणता येई. आज ही साखळी प्रकाशाची झाली आहे आणि तिच्या कड्या संगणकात मोजल्या जातात. त्या पुन्हा मोजून पाहण्याची सोय सामान्य नागरिकाला उरली आहे काय, हा प्रश्न आम्ही आज श्रोत्यांपुढे मांडू इच्छितो. या प्रश्नाला गेल्या काही दशकांचा इतिहास आहे, आणि तो ऐकण्यासारखा आहे.

प्रथम ही मोजणी होते कशी, ते पाहू. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन याने पहिला लेसर चालवून दाखविला. पुढे १९७१ साली अपोलो १५ हे यान चंद्राभोवती फिरत असता त्याने लेसरच्या साह्याने चंद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजली. या पद्धतीस लिडार असे नाव आहे. विमानातून लेसरचे क्षणिक झोत जमिनीकडे सोडावयाचे आणि ते परतण्यास किती वेळ लागला, हे टिपावयाचे, एवढेच तिचे तत्त्व. विमान दीड हजार मीटर उंचीवर असेल, तर प्रकाश सेकंदाच्या एक लक्षांश काळात खाली जाऊन वर येतो. विमानाचे स्वतःचे स्थान क्षणोक्षणी अचूक कळल्याशिवाय या हिशेबाला अर्थ नाही; म्हणून उपग्रहांच्या आधाराने ते कळू लागल्यावर, १९९० नंतरच्या दशकात, ही मोजणी खऱ्या अर्थाने व्यवहारात आली.

तिचा एक विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. झाडीवर पडलेल्या झोताचा काही भाग शेंड्यावरून परततो, काही फांद्यांवरून, आणि पानांच्या फटींतून निसटलेला भाग जमिनीवरून. त्यामुळे एकाच झोतात झाडाची उंचीही मिळते आणि झाडाखालची भूमीही. हाती येतो तो मात्र नकाशा नव्हे. येतात ते कोट्यवधी सुटे बिंदू. या बिंदूंच्या ढगातून जमीन कोणती, छप्पर कोणते आणि पाणी कोणते, हे निवडून काढावे लागते. ही निवड संगणकाची आज्ञावली करते. म्हणजेच मोजणीचा निम्मा भाग विमानात होतो आणि निम्मा आज्ञावलीत. ती आज्ञावली कोणाची, हा प्रश्न म्हणूनच गौण नाही.

आता नेदरलँड्सकडे वळू, कारण भूमीच्या उंचीची चिंता त्या देशाइतकी क्वचितच कोणी वाहिली असेल. त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. १९५३ च्या ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी यांच्या मधल्या रात्री समुद्राने तटबंध फोडले आणि तेथे १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. अशा देशाने नव्या साधनाने आपली सारी भूमी मोजून काढावी, हे स्वाभाविकच होते. त्यांच्या दुसऱ्या मोजणीत सुमारे ६४० अब्ज, म्हणजे चौसष्ट हजार कोटी बिंदू जमा झाले आणि २०१४ साली ते सर्वांना खुले करण्यात आले. इंग्लंडच्या पर्यावरण खात्यानेही २०१५ साली आपली लिडार मोजणी लोकांसाठी खुली केली. तेव्हा तेथील हौशी इतिहाससंशोधकांनी घरबसल्या ती चाळून, शेतांखाली बुजलेल्या रोमन रस्त्यांचे माग काढले.

परंतु कोठाराचे दार उघडले म्हणजे धान्य घरी पोचते, असे नाही. एवढे बिंदू आणावयाचे कसे, उघडावयाचे कशाने आणि पाहावयाचे कशात? येथे काही व्यक्तींनी जे काम केले, त्याचे ऋण मानले पाहिजे. २००३ साली अमेरिकेतील छायामापन व दूरसंवेदन शास्त्रज्ञांच्या संस्थेने बिंदू नोंदविण्याची एक सामाईक रीत ठरविली. तिला लॅस म्हणतात. तीत प्रत्येक बिंदूला त्याच्या जातीचा आकडा देता येतो: जमिनीला २, इमारतीला ६, पाण्याला ९. रीत उत्तम, पण फाईली अवाढव्य. मार्टिन आयझेनबर्ग या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने त्यावर उपाय शोधला. प्रत्येक बिंदू नव्याने लिहिण्याऐवजी, मागच्या बिंदूंवरून पुढचा कोठे असेल याचा अंदाज बांधावयाचा आणि चुकलेला फरक तेवढा लिहावयाचा. अशा रीतीने फाईल मूळच्या चौथाईवर, कधी दशांशाच्याही खाली येते आणि एकही बिंदू हरवत नाही. या लॅझ स्वरूपाची आज्ञावली त्याने जगाला खुली करून दिली. २०२१ साली त्याचे निधन झाले.

पाहण्याची साधनेही अशीच आली. फ्रान्समध्ये दानिएल जिरार्दो-मोंतो याने २००३ च्या सुमारास तेथील वीज कंपनीसाठी संशोधन करताना, एकाच जागेच्या दोन मोजण्या ताडून पाहण्याकरिता क्लाउडकंपेअर लिहिले. आज दरडी, इमारती व पुराणवस्तू पाहणारे अभ्यासक ते विनामूल्य वापरतात. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठातील मार्कस श्युट्झ याच्या पोट्री या साधनाने दूरचे विरळ आणि जवळचे दाट असे बिंदू हवे तेवढेच मागवावयाची युक्ती साध्या ब्राउझरमध्ये आणली. तिच्याच बळावर २०१५ साली नेदरलँड्सचे ते ६४० अब्ज बिंदू घरच्या संगणकावर पाहता येऊ लागले. नकाशांसाठी २००२ साली सुरू झालेल्या क्यूजीआयएस या मुक्त साधनातही २०२१ पासून बिंदूंचे ढग उघडतात. आणि ही सोय लोकवर्गणीतून झाली, हे विशेष.

येथे मुक्त आणि फुकट या दोन शब्दांतील भेद सांगितला पाहिजे. फुकट वस्तू देणारा उद्या हात आखडता घेऊ शकतो. मुक्त आज्ञावलीचे तसे नाही. तिची मूळ संहिता वाचण्याचा, तपासण्याचा, सुधारण्याचा व दुसऱ्यास देण्याचा अधिकार घेणाऱ्याला मिळतो. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन याने हा विचार चळवळ म्हणून मांडला. त्याची कसोटी २०१४ साली लागली. नकाशाशास्त्रातील एका मोठ्या कंपनीने बिंदू दाबून ठेवण्याचे स्वतःचे स्वरूप आणले. त्याची आतली रचना मात्र झाकलेली. सरकारी मोजण्या अशा कुलपात गेल्या, तर किल्लीसाठी कायम एकाच दारी उभे राहावे लागेल, हे ओळखून मुक्त साधनांच्या कर्त्यांनी २०१५ साली मानके ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेला जाहीर पत्र लिहिले. आज अमेरिका, इंग्लंड व नेदरलँड्स येथील सरकारी मोजण्या खुल्या लॅझ स्वरूपात मिळतात, हे लहान यश नव्हे.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. आयझेनबर्गने बिंदू दाबण्याची कला मुक्त केली, तरी आपली इतर कित्येक साधने मोठ्या कामासाठी परवान्याने विकली. कारण कर्त्यालाही पोट असते. विहीर सर्वांची म्हणून गाळ कोणीच काढावयाचा नाही, अशी गत या साधनांची होऊ द्यावयाची नसेल, तर त्यांचा लाभ घेणाऱ्या सरकारांनी व विद्यापीठांनी त्यांच्या डागडुजीचा खर्च उचलला पाहिजे.

हा इतिहास परदेशचा खरा. पण त्यातला बोध आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेला आहे. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी भारत सरकारने नकाशे व मोजणीवरील पूर्वीचे बरेचसे निर्बंध उठविले. मुंबई-अहमदाबाद लोहमार्गासाठी विमानातून लिडार मोजणी झालेली आहे. आपल्या नद्यांकाठी निळी व लाल पूररेषा कोठून जाते, यावर कोणाचे घर उभे राहावयाचे आणि कोणाचे नाही, हे ठरते; आणि ती रेषा शेवटी जमिनीच्या उंचीवरूनच काढावयाची असते. उद्या ती प्रकाशाच्या साखळीने काढली गेली, तर काठावरच्या नागरिकाला ते बिंदू स्वतः उघडून पाहता आले पाहिजेत. साधने तयार आहेत आणि त्यांना दाम पडत नाही. आपल्या महाविद्यालयांनी ती शिकवावीत, नगरपालिकांनी मोजणी खुल्या स्वरूपात मागावी, आणि नागरिकांनी शेतकऱ्याचा तो जुना हक्क सोडू नये: शंका आहे, साखळी पुन्हा टाका.