हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड, कोल्हापूर

हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही शारीरिकदृष्ट्या अपंग व्यक्तींच्या पुनर्वसनासाठी कार्य करणारी कोल्हापूर येथील स्वयंसेवी संस्था आहे. नसीमा हुरजूक, रजनी करकरे-देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली तिची स्थापना केली. व्हीलचेअर, तीनचाकी सायकल, कॅलिपर आणि कुबड्या यांसारखी साधने गरजूंपर्यंत पोहोचवणे हा संस्थेच्या कामाचा एक प्रमुख भाग आहे. साधननिर्मितीची कार्यशाळा, उचगाव येथील ‘घरौंदा’ हे वसतिगृह, समर्थ विद्यामंदिर ही शाळा आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील ‘स्वप्ननगरी’ हा काजूप्रक्रिया प्रकल्प असा तिचा विस्तार होत गेला.

पार्श्वभूमी

नसीमा हुरजूक (जन्म १९५०) यांना किशोरवयात पॅराप्लेजिया झाला. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला इजा झाल्यामुळे कमरेखालील भागातील हालचाल व संवेदना नाहीशी होणे, या अवस्थेस पॅराप्लेजिया म्हणतात. त्यानंतरच्या निराशेच्या काळात, स्वतः पॅराप्लेजियाग्रस्त असूनही स्वावलंबी जीवन जगणाऱ्या बाबूकाका दिवाण यांची भेट त्यांच्या दृष्टीने निर्णायक ठरली. पुढे त्यांनी शिक्षण पूर्ण करून केंद्रीय उत्पादन शुल्क व सीमाशुल्क विभागात नोकरी केली आणि कालांतराने नोकरी सोडून पूर्ण वेळ अपंगांच्या कार्याला वाहून घेतले. सहसंस्थापक रजनी करकरे-देशपांडे यांना लहानपणी पोलिओ झाला होता. गायिका म्हणूनही त्या परिचित होत्या.

संयुक्त राष्ट्रांनी १९८१ हे वर्ष आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून जाहीर केले होते, तर १९८३ ते १९९२ हे अपंगांचे दशक म्हणून पाळण्यात आले. १९८१ सालीच केंद्र शासनाने गरजू अपंगांना सहाय्यक साधने देण्याची ‘एडिप’ योजना सुरू केली. साधने तयार करणारे ‘अलिम्को’ हे शासकीय महामंडळ कानपूर येथे १९७२ मध्येच स्थापन झाले होते. असे असले, तरी खेड्यातील अपंग व्यक्तीची तपासणी करणे, तिच्या मापाचे साधन मिळवणे, ते वापरायला शिकवणे आणि मोडल्यावर दुरुस्त करून देणे ही साखळी स्थानिक पातळीवर कोणीतरी उभारणे आवश्यक होते. संस्थेचे कार्य या काळात आकारास आले.

नाव

संस्थेच्या नावातील ‘हँडिकॅप्ड’ हा शब्द स्थापनेच्या काळी सर्वत्र रूढ होता. पुढे इंग्रजीत तो मागे पडला. मराठीतही ‘पंगू’, ‘अपंग’, ‘विकलांग’ अशी शब्दांची स्थित्यंतरे झाली असून अलीकडे शासकीय व्यवहारात ‘दिव्यांग’ हा शब्द वापरला जातो. संस्था मात्र मूळ नावानेच ओळखली जाते.

चलनसाधने व कार्यशाळा

चलनसाधनांची गरज अपंगत्वाच्या प्रकारानुसार बदलते. पोलिओमुळे पायाचे स्नायू दुर्बल झालेल्या मुलाला अनेकदा प्रथम शस्त्रक्रिया करून वाकलेला सांधा सरळ करावा लागतो आणि नंतर कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी धातूच्या पट्ट्यांची व चामडी पट्ट्यांची चौकट, बसवावी लागते. मूल वाढते तसे कॅलिपर आखूड पडते. त्यामुळे ते पुन्हा पुन्हा नवे करावे लागते. हातांत बळ असलेल्या प्रौढ व्यक्तीला लांबच्या अंतरासाठी हाताने चालवायची तीनचाकी सायकल उपयोगी पडते. पॅराप्लेजियाग्रस्त व्यक्तीला मात्र व्हीलचेअरशिवाय गत्यंतर नसते.

व्हीलचेअर ही केवळ चाके लावलेली खुर्ची नव्हे. कमरेखाली संवेदना नसलेल्या व्यक्तीला बसण्याचा ताण जाणवत नाही. खुर्ची मापाची नसली, गादी योग्य नसली किंवा दर थोड्या वेळाने हातांवर भार देऊन शरीर उचलले नाही, तर त्वचेवर दाबाच्या जखमा होतात. या जखमा चिघळल्यास जीवावर बेतू शकते. मूत्रमार्गाचा संसर्ग हा दुसरा मोठा धोका होय. म्हणून साधनाबरोबर त्याच्या वापराचे आणि शरीराच्या निगेचे शिक्षण देणे अपरिहार्य ठरते. मापाचा विचार न करता समारंभात वाटलेली खुर्ची वापरणाऱ्याला अपायकारकही ठरू शकते.

संस्थेने व्हीलचेअर, तीनचाकी सायकली, कॅलिपर इत्यादी साधने तयार करण्यासाठी कार्यशाळा उभारली. तेथे काम करणाऱ्यांत अपंग व्यक्तींचा समावेश असतो. अशा व्यवस्थेचे दोन लाभ होतात. साधन मापानुसार बनवता येते व जवळच दुरुस्त करता येते. शिवाय साधन वापरणाऱ्यालाच ते घडवण्याचा रोजगार मिळतो.

वसतिगृह व शाळा

साधन मिळाले म्हणजे वाट मोकळी झाली, असे होत नाही. घराचा उंच उंबरठा, शाळेच्या पायऱ्या, अरुंद दार आणि वापरता न येणारे स्वच्छतागृह यांपुढे व्हीलचेअर थांबते. साधारणपणे एक फूट उंची चढण्यासाठी बारा फूट लांबीचा उतार असावा, असा मान्य संकेत आहे. जुन्या इमारतींत त्यासाठी जागा क्वचितच सोडलेली असते. मुलींच्या बाबतीत स्वच्छतागृहाची गैरसोय शिक्षण कायमचे थांबण्यास पुरेशी ठरते.

कोल्हापूरनजीक उचगाव येथील ‘घरौंदा’ वसतिगृह हे या अडचणीवरील संस्थेचे उत्तर होय. अपंग मुलामुलींना तेथे राहून शिक्षण घेता येते. समर्थ विद्यामंदिर या शाळेत अपंग आणि अपंगत्व नसलेली मुले एकत्र शिकतात. अपंग मुलांना वेगळे काढून शिकवण्याऐवजी इमारत व शिकवण्याची पद्धत सर्वांना सोयीची करणे, हे समावेशक शिक्षणाचे तत्त्व या व्यवस्थेमागे आहे.

स्वप्ननगरी

शिक्षणानंतर उपजीविकेचा प्रश्न उभा राहतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यात मोरे येथे संस्थेने ‘स्वप्ननगरी’ हा निवास व रोजगाराचा प्रकल्प उभारला. काजूवर प्रक्रिया करणे हे तेथील प्रमुख काम आहे. काजू हे या जिल्ह्याचे महत्त्वाचे पीक असल्याने कच्चा माल जवळच उपलब्ध होतो. काजूगर सोलणे, आकार व रंगानुसार त्यांची प्रतवारी करणे आणि वेष्टन करणे ही कामे बसून, हातांच्या कौशल्याने करता येतात. त्यामुळे पायांत बळ नसलेल्या व्यक्तीही ती सफाईने करू शकतात.

कायदे आणि बदलती गरज

संस्थेच्या स्थापनेनंतर अकरा वर्षांनी, १९९५ साली, अपंग व्यक्तींना समान संधी व हक्क देणारा कायदा संसदेने संमत केला आणि शासकीय नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण आले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे मान्य प्रकार २१ केले व आरक्षण किमान ४ टक्के केले. सार्वजनिक इमारती व वाहतूक सुगम असणे हा हक्काचा भाग ठरला. पूर्वी दातृत्वाचा विषय समजली जाणारी साधने व सोयी अशा प्रकारे नागरिकाच्या हक्काच्या कक्षेत आल्या.

साधनांच्या गरजेचे स्वरूपही बदलले. १९९५ मध्ये सुरू झालेल्या पल्स पोलिओ मोहिमेनंतर पोलिओचे प्रमाण झपाट्याने घटले. जानेवारी २०११ नंतर देशात या रोगाच्या नैसर्गिक विषाणूचा रुग्ण आढळला नाही आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्यामुळे कॅलिपर लागणारी लहान मुले कमी झाली. परंतु रस्त्यावरील अपघात, झाडावरून अथवा इमारतीवरून पडणे यांमुळे मज्जारज्जूला इजा झालेल्यांचा प्रश्न कायम आहे. अशा अपघातांत सापडणारे बहुधा तरुण व कमावते असतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती होत्या; त्यांपैकी सुमारे ५ लाख ४८ हजार व्यक्तींचे अपंगत्व हालचालीशी संबंधित होते.

साहित्यात

नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे मराठी आत्मकथन प्रसिद्ध असून ‘द इन्क्रेडिबल स्टोरी’ या नावाने ते इंग्रजीत आले आहे. संस्थेची जडणघडण आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या स्त्रीचे दैनंदिन जीवन समजून घेण्यासाठी ते उपयुक्त आहे. नंतरच्या काळात हुरजूक यांनी ‘साहस’ या अपंगविषयक संस्थेच्या माध्यमातूनही कार्य केले.