टायगरच्या चाकांतला चिखल आणि माझी चुकलेली तारीख

मागच्या वर्षी एका प्रकरणाच्या मसुद्यात मी असं काहीसं लिहिलं होतं की, १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर टायगर रणगाड्यांच्या चाकांत चिखल-बर्फ गोठला आणि जर्मन चढाई थांबली. वाक्य मला फार आवडलं होतं. गाईडनी समासात पेन्सिलने एवढंच लिहिलं : टायगर आला कधी?

तो पहिल्यांदा लढाईत उतरला ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस, तेही लेनिनग्राडकडे. म्हणजे माझं आवडतं वाक्य एका वर्षाने चुकलं होतं. तुमचंही असं एखादं वाक्य असेल तर ते आधी तपासा.

पण चाकांची भानगड खरी आहे. जर्मन अभियंता हाइनरिश क्निपकांप याने रुजवलेल्या रचनेत मोठी चाकं एकमेकांत गुंतवून बसवलेली असत. सुमारे ५७ टन वजन पट्ट्यावर सारखं पसरावं, गाडी कमी हादरावी, हा हेतू. कागदावर उत्तम! अडचण चाकांमधल्या अरुंद फटींची. काळ्या रानात पावसाळ्यात सायकल घातली की मडगार्ड आणि टायरमध्ये माती दाबून बसते आणि चाक फिरेनासं होतं, तोच प्रकार. फरक असा, की तिथे रात्री पारा शून्याखाली गेला की त्या लगद्यातलं पाणी गोठायचं आणि सकाळी चाकं जाम. आतलं एखादं चाक बदलायचं तर बाहेरची बरीच चाकं उतरवावी लागत. म्हणून मुक्कामाआधी फटींतला चिखल खरवडून काढायचा आणि गाडी फळ्या, ओंडके किंवा फांद्यांवर उभी करायची, म्हणजे पट्टे निदान जमिनीला तरी चिकटणार नाहीत. थकलेल्या माणसांनी हे रोज करायचं!

सोव्हिएत टी-३४ ची चाकं अशी गुंतलेली नव्हती. पट्टाही सुमारे ५५ सेंटिमीटर रुंद. त्या वेळच्या पॅन्झर-३ चा ४० किंवा त्याहूनही कमी. आता दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ, हे तर आपण शाळेतच शिकलो. वजनाने जड असूनही टी-३४ कमी रुतायचा तो यामुळे.

मग १९४१ मध्ये मॉस्कोच्या वाटेवर नेमकं काय झालं? ऑक्टोबरात पाऊस आणि पहिला बर्फ पडला, तो वितळला, आणि कच्चे रस्ते गेले. रशियन भाषेत या ऋतूला ‘रासपुतित्सा’ म्हणतात. रणगाड्यांपेक्षा मोठी रड होती इंधन-दारूगोळा आणणाऱ्या ट्रकांची. नोव्हेंबरच्या मध्यावर जमीन कडक झाली तशी चढाई पुन्हा सुरू झाली. म्हणजे थंडीने आधी जर्मनांना मदतच केली! माझ्या मूळ वाक्यात ही गोष्ट बसतच नव्हती. (गुंतलेली चाकं तेव्हाही होती, पण ती जर्मन हाफ-ट्रॅक गाड्यांना.)

आता साक्षीदारांकडे या. चिखलाबद्दल भरभरून लिहिणारे बरेच जण हरलेले जर्मन सेनापती आहेत. गुडेरियनच्या आठवणी आल्या १९५१ मध्ये. १९५२ मध्ये अमेरिकन सैन्याने रशियातल्या हवामानावर पुस्तिका काढली, तीही माजी जर्मन अधिकाऱ्यांकडून लिहून घेतलेली. चिखलाला दोष दिला की आपल्या नियोजनाला द्यावा लागत नाही. ते खोटं बोलत होते असं मी म्हणत नाही, चिखल होताच. पण तो सोव्हिएत गाड्यांच्या चाकांतही जात होता, आणि ती बाजू कागदोपत्री तपासणं बऱ्याच अंशी शक्य झालं ते १९९१ नंतर, अभिलेखागारं उघडू लागल्यावर. तोपर्यंत चार पुस्तकं एकच गोष्ट सांगत असली, तर ते चार पुरावे नव्हेत. तळटीपा मागे मागे नेऊन बघा, अनेकदा चारही त्याच दोन-तीन माणसांपाशी पोचतात.

विज्ञानातून आलेल्यांना (मी धरून) इथे एक खोड असते. यंत्रणा समजली की घटना समजली असं वाटतं. चिखल कसा गोठतो हे मला नीट माहीत होतं, म्हणून तो कुठे, कधी आणि कोणत्या गाडीत गोठला हे बघायचं मी विसरलो.

टायगरचं ते वाक्य आता पुढच्या प्रकरणात गेलंय. १९४१ च्या प्रकरणात हाफ-ट्रॅक आहेत, अडकलेले ट्रक आहेत, आणि गुडेरियनच्या नावापुढे त्याच्या पुस्तकाचं साल.